खिडकीपासून दहा फूट

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

आजपासून रोजनिशी लिहिणे. डायरी खताच्या दुकानातून मिळालेली, गेल्या वर्षीची आहे. छापलेला वार खोडून खरा वार लिहितो. बाकी कागद कोराच आहे, त्याला काय कळतं कोणतं साल आहे ते.

कारण नोंदवून ठेवतो. जयवंताचे दोन्ही गुडघे दिवाळीनंतर नागपूरला बदलले. डॉक्टर म्हणाले, घरात वॉकर धरून चाला, पण जानेवारी सरत येईस्तोवर अंगणाच्या पायऱ्या उतरायच्या नाहीत. तिचा पलंग समोरच्या खोलीत खिडकीला लावून दिला. खिडकीतून अंगण दिसतं. अंगणात काय दिसतं? अंबाडीची एक रांग, कपडे वाळवायची तार, सीताफळाचं झाड, पेरूचं झाड, आणि मी.

चाळीस वर्षं बोरगावच्या आमच्या संत्र्याच्या बगीच्यात माझ्या पुढे दोन पावलं चाललेली बाई. आता बसून आहे. चार दिवस झाले, मला एकही बोल लावला नाही. चहा थंड दिला तरी पिते. आमची सून चंचल म्हणाली, मामाजी, आत्याबाई भिंतीकडे पाहून राहतात हो नुसत्या. मी वरवर हसलो. घरात तिचा आवाज नसला की मला चप्पल कुठे ठेवायची तेही कळत नाही.

संकल्प: हिवाळाभर खिडकीतून पाहत राहावं असं अंगण तयार करणे. २६ जानेवारीला ती पायऱ्या उतरेल. त्या दिवशी सारं अंगण एकदम फुललेलं पाहिजे. एकदम. मागे-पुढे नाही.

अवघड काही नाही. मी संत्र्याचा माणूस. फुलझाडं म्हणजे बुटकी संत्रीच.

५ नोव्हेंबर, बुधवार

मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. विदेशातल्या हिवाळी बागा. बर्फ पडलेलं, पानं गळालेली, तरी बाग अशी झकास की पाहत राहावं. गुपित कळलं. हिवाळ्यात फूल नाही पाहायचं, काडी पाहायची! लालभडक काड्यांची झुडपं, पांढरीशुभ्र खोडं, लाल लोंबती फळं, जांभळ्या पानांची कोबी. व्हिडिओ इंग्रजीत होता, पण मी तीनदा पाहिला. माळ्याचा चेहराच असा होता की भाषेची गरज नव्हती.

म्हणजे लाल काडी, पांढरं खोड, लाल फळ, रंगीत कोबी. हे चार मुख्य. बाकी पिटुनिया वगैरे भरतीला.

जयवंताला वाचून दाखवलं. म्हणाली, बरं.

नुसतं बरं! पूर्वीची जयवंता असती तर निदान कागद तरी हिसकावला असता.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

खिडकीखालची अंबाडी उपटली. अकरा झाडं. गावठी वस्तू, खिडकीसमोर शोभत नाही. लाल बोंडं नुकती धरत होती, पण शिस्त म्हणजे शिस्त.

जयवंता खिडकीतून पाहत होती. पहिल्यांदा आपणहून बोलली. अवो, ते काहून उपटून राहिले, चटणीची होती नं ते! मी सांगितलं, त्या जागी याहून भारी झाड येणार आहे, तू फक्त पाहत जा. तर म्हणे, दुसरं काय करून राहिली मी, पाहूनच तं राहिली.

आवाजात जोर होता. सुधारणा आहे.

१० नोव्हेंबर, सोमवार

सकाळच्या बसनं पांढुर्ण्याला गेलो. नर्सरीवाला अक्षय भला माणूस. त्याला व्हिडिओ दाखवून लाल काडीचं झाड मागितलं. तो म्हणाला, बाबूजी, हे थंड मुलखातलं, आपल्याकडच्या उन्हात आठ दिवस टिकणार नाही. मी त्याला झाडांविषयी माझी चाळीस वर्षं थोडक्यात सांगितली. त्यानं मध्ये दोन गिऱ्हाइकं केली, पण ऐकलं.

घेतलं ते असं. पिटुनिया तीस, साल्व्हिया पंधरा, डेलिया पाच, शोभेची कोबी बारा. आणि निघता निघता कोपऱ्यात काय दिसलं? लाल देठ, लाल काडी, वर लाल फळ! पाटीवर नाव, रोझेल. व्हिडिओतलं झाडच जणू. सहाच्या सहा कुंड्या उचलल्या. अक्षय मागून काहीतरी सांगत होता, तुमच्या घरी असंलच म्हणून, पण बस सुटत होती.

बसमध्ये तिगावच्या एका बाईनं मांडीवरची कोबी पाहून विचारलं, कितीले देली? मी समजावलं की ही खायची नाही, पाहायची आहे. तिनं दुसरीकडे जाऊन बसणं पसंत केलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

लागवड पूर्ण. बाकी रोपं खिडकीपासून फाटकापर्यंत आणि रोझेल बरोबर अंबाडीच्या जागी.

जयवंता वाकून पाहत राहिली. मग म्हणाली, अवो, हे तं अंबाडीच हाये! मी म्हणालो, चेहऱ्यात साम्य आहे, पण ही रोझेल. उभं राहण्याची ऐट पाहा. तिनं एक पान तोडून मागितलं, खाल्लं, आंबट तोंड केलं आणि हसायला लागली. अशी हसली की टाके उसवले समजून चंचल स्वयंपाकघरातून धावत आली. तिलाही पान खायला दिलं. मग दोघी हसल्या.

ऑपरेशननंतरचं पहिलं हसू. रोझेलचा गुण. झाड निवडण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

लाल काडीचा प्रश्न माझ्या डोक्यानं सोडवला. आपल्याकडे लाल काडी नसेल तर काडी लाल करावी.

सीताफळाची पानं हिवाळ्यात गळतातच, पण आमचं झाड आळशी, म्हणून हातानं मदत केली. अडीच तास. मग साऱ्या फांद्यांना गेरू. पेरूच्या खोडाला चुना आणि मोरचूद, बगीच्यात संत्र्याला लावतो तसंच. मोरचूद जरा जास्त पडलं, खोड निळं आलं. निळंही उठून दिसतं.

मुलगा वीरेंद्र बगीच्यातून आला. फाटकातच उभा राहिला. म्हणाला, बाबा, झाडाले काय झालं? मी म्हणालो, हिवाळी बाग. तो म्हणाला, आईले माहीत आहे का? पोराला आईची भीती मोठी. मला नाही.

संध्याकाळी: वारा सुटला. तारेवरच्या चंचलच्या नव्या चादरीवर सीताफळाच्या फांद्या घासल्या. जयवंतानं खिडकीतून चार वाक्यं ऐकवली. चारही स्वच्छ आणि पूर्ण. तब्येत सुधारते आहे.

१ डिसेंबर, सोमवार

महत्त्वाचा दिवस. नीट लिहितो.

संत्र्याचा आंबिया बहार घ्यायचा तर डिसेंबरात झाडाचं पाणी तोडतात. झाड घाबरतं. पानं मलूल होतात. त्याला वाटतं, आपलं आता काही खरं नाही. मग जानेवारीत पाणी सोडलं की ते जीव खाऊन फुलतं, पान दिसू नये इतकं. याला आम्ही ताण म्हणतो. पाणी केव्हा तोडायचं आणि केव्हा सोडायचं यात माझी नजर कधी चुकलेली नाही. (२००९ सोडून. ते वर्षच खराब होतं.)

तर मग हाच ताण पिटुनियाला का नको? साल्व्हियाला का नको? आजवर हे कोणाच्या डोक्यात कसं आलं नाही याचा विचार केला. उत्तर सोपं आहे. माळ्यांना संत्रा कळत नाही आणि संत्रावाल्यांना पिटुनिया. दोन्ही कळणारा मी एकटा.

संकल्प: आजपासून चाळीस दिवस थेंबभर पाणी नाही. १० जानेवारीला ताण तोडणे. २६ ला बहार.

जयवंतानं सारं ऐकलं. मग म्हणाली, अवो, संत्र्याची मुळं पुरुषभर खोल जाते, हे एवढुसे रोपं, मरतीन नं ते. मी म्हणालो, मरत नाही, घाबरतं फक्त. ती म्हणाली, तुमचं बरं हाये, तुमी तं दिवसभर हिंडता. मले अठ्ठी बसून त्याइचं मरण पाहा लागन. मी हसलो. बाईमाणसाचं मन हळवं असतं. ताण द्यायला छाती लागते.

पाण्याचा पाइप गुंडाळून माळ्यावर टाकला.

४ डिसेंबर, गुरुवार

पिटुनियाच्या माना पडल्या. संत्र्याला ताण बसायला तीन आठवडे लागतात, यांनी तीन दिवसांत घेतला. हुशार जात आहे.

शेजारचे हिरामणभाऊ येऊन पाहून गेले. पोस्टातून रिटायर झालेला माणूस, आमच्या सौसर गावात त्यांच्यासारखा डेलिया कोणाकडे नाही. ताटाएवढं फूल. नऊ कुंड्या, लेकरासारख्या जपतात. त्यांची मुलगी प्रज्ञा भोपाळला नोकरीला आहे. दरवर्षी २६ जानेवारीला येते आणि डेलियाजवळ उभी राहून फोटो काढते. मी त्यांना ताणाचं शास्त्र सांगितलं. ते म्हणाले, रघुनाथराव, तुमचे झाडं तं हात जोडून राहिले. मी म्हणालो, हेच ते लक्षण.

७ डिसेंबर, रविवार

चमत्कार!

खिडकीजवळची रोपं आज सकाळी ताठ उभी. पाणी नाही, तरी ताठ! पानावर तकाकी. मी स्वतः हातानं तपासली. हिरामणभाऊंना बोलावून दाखवली. ते दोनदा डोळे चोळून म्हणाले, मायबाप, हे कसं? मी म्हणालो, झाडाची भीती गेली. आता ते विचार करून राहिलं.

दुसरी आनंदाची गोष्ट. दुपारी २ ते ४ मी मागच्या खोलीत झोपतो, तेव्हा घुर्रघुर्र आवाज आला. उठल्यावर विचारलं तर चंचल म्हणाली, गुडघ्याच्या सेकाईची मशीन आहे मामाजी. बरं झालं आणली. जयवंताचा चेहरा उजळला आहे. अशा मशीन आधीच घ्यायला पाहिजे होत्या.

१४ डिसेंबर, रविवार

ताणाचा चौदावा दिवस. निरीक्षणं.

खिडकीपासून दहा फुटांपर्यंत सारं हिरवंगार. पुढे फाटकाकडे सारं करड्या रंगाचं. सीमा अगदी गोल, जणू परकार फिरवला. खिडकीच्या भिंतीची ऊब हे कारण असावं.

संध्याकाळी हिरव्या भागातली माती ओलसर लागते. म्हणजे ताणात मुळं जमिनीच्या पोटातली ओल वर ओढतात. हे कुठल्या पुस्तकात असेल असं वाटत नाही.

पानठेल्यावर सविस्तर बोललो. सगळे थक्क. दोघं उठून गेले, बाकी थक्क. संत्रा बागायतदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर साडेसात मिनिटांचा ऑडिओ टाकला. लोधीखेड्याच्या एकानं अंगठा दाखवला.

हिरामणभाऊंनी आजपासून नऊही कुंड्यांचं पाणी तोडलं. म्हणाले, तुमचं पाहून हिंमत करून राहिलो, प्रज्ञाले औंदा थाळीएवढं नाही, परातीएवढं फूल दाखवतो. मी पाठ थोपटली.

वीरेंद्र फवारणीचा बॅटरीवाला पंप शोधत आला. बगीच्यात सापडेना म्हणे. शेवटी इथेच मिळाला, आमच्या मोरीजवळ, चार्जिंगला लावलेला. मी त्याला सांगितलं, वस्तू जागेवर ठेवत जा. त्यानं चंचलकडे पाहिलं. चंचलनं जयवंताकडे पाहिलं. पंप न घेताच गेला. म्हणाला, राहू द्या, दुसरा आणतो. पैशाची किंमत नाही आजकाल.

२५ डिसेंबर, गुरुवार

जयवंता आता खिडकीजवळ खुर्चीवर बसते. पलंगावरून हात पोहोचत नाही म्हणे. कशाला, ते सांगितलं नाही. खिडकीची सरकती मच्छरजाळीही कायमची काढायला लावली, दिसत नाही म्हणून. मी काढून दिली. तिला बाग पाहायची इतकी ओढ! मला भरून आलं.

व्यायाम शिकवायला येणारी बाई म्हणाली, आजींच्या दंडात चांगली ताकद आली आहे, काय करता? जयवंता म्हणाली, मशीन. गुडघ्याच्या मशीननं दंडात ताकद! विज्ञान कुठे गेलं आहे.

आज तिनं मला सात वेगवेगळ्या गोष्टींवरून बोल लावले. मोजले. ओला टॉवेल, उघडं फाटक, माझं जोरात जांभई देणं, वगैरे. फार बरं वाटलं.

फाटकाकडची रोपं ताणाला मनापासून लागली आहेत. हात लावला की चुरा होतो. आतून जिवंत असावीत.

शोभेची कोबी बारा होती, आज अकरा दिसली. दुपारच्या डाळीत जांभळं काहीतरी होतं. विचारलं नाही.

४ जानेवारी २०२६, रविवार

डायरी आता दोन सालं मागे पडली. हरकत नाही.

छोटी पुस्तिका लिहायला घेतली. 'फुलझाडांना ताण: एका संत्रा बागायतदाराचा अनुभव'. पहिलं पान झालं, त्यात माझा परिचय आहे. २६ ला झेंडावंदनानंतर कॉलनीतल्या लोकांना अंगणात बोलावून दोन शब्द सांगण्याचा विचार आहे. जयवंता पायऱ्या उतरेल, मागे बहार, पुढे मी. फोटो काढायला वीरेंद्रला सांगून ठेवलं.

हिरामणभाऊ कुंपणावरून म्हणाले, डेलिया झुकले. मी म्हणालो, ताण लागला. ते म्हणाले, झुकले नाही, आडवे झाले. मी म्हणालो, चांगला लागला. त्यांचा चेहरा मला जरा ताणलेला वाटला. त्यांनाही धीर धरायला सांगितलं.

८ जानेवारी, गुरुवार

आज लिहीत नाही.

९ जानेवारी, शुक्रवार

लिहितो. काल काय झालं ते क्रमानं.

दुपारी अडीच वाजता मी झोपलेलो असताना फाटक आदळलं. हिरामणभाऊ. हातात डेलियाची कुंडी, कुंडीत एक काळी काडी. नऊच्या नऊ गेल्या. माणूस कधी मोठ्यानं बोलत नाही, काल सारी गल्ली ऐकत होती. म्हणाले, पंधरा वर्षांचे कंद होते माहे! पोरीले काय सांगू, काकानं जीव घेतला म्हणून सांगू? मी त्यांना खिडकीखाली हिरव्या भागात घेऊन गेलो. म्हणालो, भाऊ, तुमच्या हातून कुठेतरी चूक झाली. हे पाहा. एकोणचाळीस दिवस झाले. थेंब नाही. आईची शप्पथ, एक थेंब नाही.

तेवढ्यात आमच्या डोक्यावर घुर्रघुर्र सुरू झालं.

खिडकीच्या गजांतून पितळी नळी बाहेर आली. फवारणीच्या पंपाची. दोघी तोवर मागे मोरीत नळ सोडून पंप भरत होत्या, म्हणून आरडाओरडा त्यांच्या कानी गेला नव्हता, हे नंतर कळलं. आम्ही भिंतीला लागून उभे, तिला दिसत नव्हतो, आणि आता पंपाच्या आवाजात ऐकू येत नव्हतं. आधी लांब धार मारली, दहा फुटांवरच्या साल्व्हियापर्यंत. मग हळूहळू जवळ आणली. काय शिस्त, प्रत्येक रोपाला सारखं. आतून जयवंता रोपांशी बोलत होती. ए बाई, तू आज काहून तोंड पाडून बसली? पी. घे अजून. तुहा मालक झोपला हाये, भेऊ नको.

मग धार खाली आली आणि आम्ही दोघं पूर्ण भिजलो.

मी ओरडलो. धार थांबली. खिडकीत जयवंता आणि चंचल, दोघींची तोंडं. हिरामणभाऊ डोक्यावरून पाणी निथळत माझ्याकडे पाहत होते. मग म्हणाले, एक थेंब नाही नं? आणि खाली बसले. रागानं बसले असं वाटलं मला. हसत होते. तशा अवस्थेत माणूस हसतो हे मला नवीन होतं.

कुंडी तिथेच ठेवून गेले.

घरात आल्यावर जयवंताला विचारलं, काहून केलं? ती म्हणाली, तिसऱ्या दिवशी ते पोरं माना टाकून माह्याकडे पाहून राहिले, मले राहवलं नाही. मी म्हणालो, मला सांगायचं होतं. ती म्हणाली, तुमी एवढ्या हौसेनं सांगून राहिले होते सगळ्याइले, कसं सांगू? अन् दोन वाजले की मले काम राहे. दिवसभर वाट पाहो मी दोन वाजायची.

चंचल म्हणाली, पहिल्या दिवशी आत्याबाईंनी लोट्यानं पाणी फेकलं, अर्धं पलंगावर सांडलं, म्हणून तिनं पंप काढून धुऊन दिला. वीरेंद्रलाही ठाऊक होतं. म्हणजे घरात मी एकटाच ताणावर होतो.

मग जयवंतानं मला एक काम सांगितलं. माझ्या पाच डेलियांपैकी तीन दहा फुटांच्या आत होते, कळ्या धरलेल्या. म्हणाली, ते तुमच्या हातानं हिरामणभाऊंकडे नेऊन द्या. अन् तुमचं शास्त्र नका सांगू तिथं. आज सकाळी मी नेऊन दिले. शास्त्र सांगितलं नाही. प्रमिलावहिनींनी, म्हणजे हिरामणभाऊंच्या पत्नीनं, कोरडा टॉवेल दिला. काल भिजलेला मी आज कोरडाच होतो, पण घेतला.

ऑडिओ ग्रुपवरून काढायला गेलो. इतक्या दिवसांनी तो सगळ्यांच्या मोबाइलवरून जात नाही म्हणे. लोधीखेड्याचे लोक शहाणे आहेत, ऐकला नसेल अशी आशा.

१० जानेवारी, शनिवार

ताण तोडायचा दिवस. संकल्प मोडायचा नाही म्हणून माळ्यावरून पाइप काढून फाटकाकडच्या भागाला पाणी दिलं. सगळ्या वाळक्या काड्यांना, सारखं. तासभर उभा होतो. जयवंता खिडकीतून पाहत होती. काही बोलली नाही. हे बोलण्यापेक्षा वाईट.

मग म्हणाली, आत या, चहा थंडा होऊन राहिला.

१५ जानेवारी, गुरुवार

फाटकाकडे काही उगवलं. निरखून पाहिलं. गाजरगवत.

पुस्तिकेचं काम सध्या थांबवलं आहे. परिचयाचं पान चांगलं जमलं होतं.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदन करून साडेनऊला घरी आलो. भाषण केलं नाही. कोणी विचारलंही नाही, त्यामुळे अवघड गेलं नाही.

दहा वाजता जयवंता पायऱ्या उतरली. एका हाताला वीरेंद्र, दुसऱ्या हाताला मी, मागे चंचल वॉकर घेऊन. तीन पायऱ्या. पहिलीवर माझा हात इतका दाबला की अंगठी रुतली. तिसरीवर हात सोडून दिला. अंगणात उभी राहिली आणि गोल फिरून सगळं पाहिलं.

खिडकीपासून दहा फूट पिटुनिया अशी फुललेली की जमीन दिसत नव्हती. मी वाट पाहत होतो, काय म्हणते. तिनं पिटुनियाकडे पाहिलं नाही. साल्व्हियाकडे नाही. निळ्या पेरूकडे पाहिलं, पण ते वेगळ्या नजरेनं. एक एक पाऊल टाकत सरळ रोझेलकडे गेली. पदर पसरला आणि बोंडं तोडायला लागली. साऱ्या अंगणात व्हिडिओतल्यासारखं तेवढंच दिसत होतं, लाल काडी, लाल फळ. अर्ध्या तासात तेही राहिलं नाही.

म्हणाली, नोव्हेंबरात ते अकरा उपटले नसते तं शेजारपाजारच्याइलेही देता आले असते. आणि मला बजावलं, वाळक्या बोंडाचं बी जपून ठेवा, जूनमध्ये साऱ्या फाटकापर्यंत टाकू. मी म्हणालो, रोझेलचं? ती म्हणाली, हो हो, रोझेलचं. चंचलला खोकला आला.

हिरामणभाऊ, प्रमिलावहिनी आणि प्रज्ञा येऊन गेले. प्रज्ञानं फोटो दाखवला. डेलिया बशीएवढाच, पण ती हसत होती. म्हणाली, काका, बाबांनी सगळं सांगितलं. सगळं म्हणजे किती, ते मी विचारलं नाही. बसल्या बसल्या हिरामणभाऊ पिटुनियाकडे पाहून म्हणाले, वहिनी, तुमची बाग मस्त झाली. तुमची! जयवंतानं मान डोलावली, जशी काही तिचीच होती.

जेवायला बोंडांची चटणी आणि ज्वारीची भाकर. अडीच भाकरी खाल्ल्या. चटणीला विदेशी चव नव्हती.

दुपारी दोन. जयवंता उन्हात खुर्ची टाकून अंगणातच बसली. आत यायला तयार नाही. चंचलनं पंप आणून माझ्यापुढे ठेवला. मी खिडकीत बसलो, गजांतून नळी बाहेर काढली आणि बटण दाबलं. बाहेरून तिचं सुरू. अवो, खाली नाही, वर धरा. वर म्हणजे माह्या तोंडावर नाही! तिकडं पाहा, तो कोपऱ्यातला उपाशी राहिला. हात हलवू नका. हलवा ना थोडा! चार वाजेपर्यंत तिचा आवाज गल्लीभर येत होता. आज झोप झाली नाही, आणि झोपेची आठवणही झाली नाही.

माझी धार सात फुटांवर पडते. ती दहा फूट नेत होती. आज सात. उद्या दहा नेणे. प्रश्न फक्त दंडाचा आहे, बाकी माझी पद्धत बरोबरच होती.